मातीवाल्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडम कुठंही गेल्या की आधी पावलं मोजायच्या. लग्नाच्या मांडवात शिरल्या तरी दारापासून नवरदेवाच्या खुर्चीपर्यंत त्यांचे ओठ हलत राहायचे आणि आहेर देताना त्या हळूच सांगायच्या, "बावीस मीटर भरते जी." माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा फाटकातून ओसरीवर येता येता थांबल्या, मागं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "बिसेनजी, तुमची भिंत शेजाऱ्याकडं हातभर सरकून राहिली आहे. पुढच्या वेळी बांधाल तं मागं घेजा." तेव्हापासून मी त्या शेजाऱ्याशी जरा जास्तच गोड बोलतो.

त्या आमच्या मोजणी कार्यालयात भूकरमापक होत्या. दोन भावांच्या, दोन शेजाऱ्यांच्या, कधी बाप-लेकाच्या भांडणात मधोमध उभं राहून हद्द कुठून जाते ते दाखवायचं, असं ते काम. मी त्याच कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. माझी खुर्ची खिडकीजवळ आहे, तिथून बाहेरच्या व्हरांड्यातला बाक दिसतो. मी स्वभावानं भित्रा. साहेबांची बेल नेहमीपेक्षा लांब वाजली तरी मी खुर्चीतून अर्धा उठतो. मॅडम ह्या बाबतीत माझ्यापेक्षा एक पायरी वर होत्या. मोजणी करून अर्ध्या रस्त्यात आल्या की त्यांना शंका यायची, स्कूटी वळवून त्या परत शेतावर जायच्या आणि शेवटची खूण पुन्हा तपासायच्या. रविवारी फोन करायच्या, "बिसेनजी, कपाटाले कुलूप लावलं होतं का आपण?" मी सांगायचो, लावलं होतं. फोन ठेवल्यावर मलाच वाटायचं, खरंच लावलं होतं का? अशी दोन माणसं एका कार्यालयात असली की काळजी करायला तिसऱ्याची गरज पडत नाही.

एवढी घाबरट बाई शेतात मात्र कोणाच्या बापाला ऐकायची नाही. एकदा एका पुढाऱ्यानं बांधावर उभं राहून, "मॅडम, रेघ थोडी इकडून घ्या ना, काय फरक पडते," असं म्हटलं. घाबरून मॅडमच्या हातातली सुतळी दोनदा खाली पडली, हे मी स्वतः पाहिलं. ती उचलून त्यांनी झेंडी जिथं रोवायची तिथंच रोवली आणि म्हणाल्या, "मी घेतली असती जी. पण ते तिकडूनच जाते." भीती आणि रेघ ह्या दोन गोष्टी त्यांच्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहायच्या.

त्या कॉम्प्युटरवर गेम खेळतात हे मला कळलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. पन्नाशी ओलांडलेली बाई, दीक्षाभूमीला जाताना पंधरा जणींच्या भाकरी स्वतः थापणारी, आणि गेम! झालं असं की मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. धूळ पुसता पुसता मॅडमनी तो सुरू केला आणि त्यात 'क्राउन अँड प्लाऊ', म्हणजे 'मुकुट आणि नांगर', सापडला. इतिहासातली राज्यं चालवायचा हा खेळ. आपला मुलूख निवडायचा, वस्ती बसवायची, शेती करायची, शेजारी राज्याशी तह करायचा नाही तर लढाई. दगडी हत्यारांपासून आगगाडीपर्यंतचा काळ पाच भागांत. त्याचे शौकीन सगळीकडे पसरलेले, आमच्याकडं गोंदिया, भंडारा, बालाघाट, राजनांदगाव मिळून त्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, 'नांगर मंडळ'. मॅडमनी मलाही त्यात घातलं. मी म्हटलं, मला तो खेळ येत नाही. त्या म्हणाल्या, "खेळू नोका. पण कधी कंपनीले पत्र लिहायचं झालं तं तुमचं ड्राफ्टिंग चांगलं आहे." पंचवीस वर्षं मी हेच ऐकत आलो आहे.

बाकीचे लोक पहिल्या पाच चालींत फौज उभी करायचे. मॅडम तलाव बांधायच्या, आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. एक, दोन, सात, अकरा तलाव. त्यांच्या राज्याला तटबंदी नसायची, पण दुष्काळ पडला की चारही बाजूंचे राजे त्यांच्याकडं धान मागायला यायचे. ग्रुपमधले कोसरे सर, म्हणजे गोंदियात फिजिक्सचे क्लास घेणारे, ह्या प्रकाराला फार वैतागायचे. एकदा त्यांनी मॅडमच्या राजधानीवर स्वारी केली. फौज नेमकी मोठ्या तलावाच्या खालच्या अंगाला येऊन थांबली. मॅडमनी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फोडली असती तर कोसरे सरांची फौज वाहून गेली असती, खेळात तशी सोय आहे. मॅडमनी फोडली नाही. राजधानी गेली. जिंकून चिडलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कोसरे सरांनी फोन करून विचारलं, "मॅडम, काऊन नाही फोडली? एक क्लिक का काम था." मॅडम म्हणाल्या, "खाली बांध्या होत्या ना जी, धान लागला होता."

मॅडम खेळायच्या खऱ्या, पण त्यांचा जीव होता नकाशात. एका शनिवारी दुपारी त्यांनी मला मुद्दाम घरी बोलावलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर हिंदुस्थान होता. नर्मदा होती, वैनगंगेसारखी एक निळी रेघही होती आणि तिच्या पूर्वेला नुसता हिरवा रंग ओतलेला. मॅडमनी त्या हिरव्यावर बाण नेला तशी एक इंग्रजी ओळ उमटली.

"वाचा बरं," त्या म्हणाल्या. "मले बरोबर समजलं का ते सांगा."

मी वाचलं. रिकामा प्रदेश, मनुष्यवस्ती नाही.

"मंग आपण कोन आहो?" मॅडमनी विचारलं. त्या चिडल्या नव्हत्या. एखाद्या कागदावर स्वतःचं नाव राहून गेलं असावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

ह्या खेळात हौशी लोकांना आपापले नकाशे तयार करून जोडता येतात. मॅडमनी झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या ह्या तलावांच्या मुलखाचा, नकाशा करायला घेतला आणि चार वर्षं रविवार ह्यात घातले. चोरखमाऱ्याच्या तलावापासून सुरुवात केली. नियम एकच, ज्या तलावाच्या पाळेवर स्वतः उभ्या राहिल्या तोच नकाशात येणार. पुस्तकात आहे, उपग्रहाच्या फोटोत दिसतो, हे त्यांना चालायचं नाही. डबा, पाण्याची बाटली, सुतळीचा गुंडा आणि लाल पेन्सिल घेऊन स्कूटीवर निघायच्या. म्हाताऱ्यांना विचारायच्या, तलाव कोणी बांधला, कोणत्या बांध्यांना पाणी जायचं. जंगलाकडच्या गावांसाठी त्यांना उईके भाऊंची मदत झाली. उईके भाऊ ग्रुपमधलेच, त्यांच्या गावी ऑनलाइन दाखले काढून देण्याचं केंद्र चालवतात. माघात कचारगडच्या गुहेतल्या देवाला जाण्याचा त्यांचा नेम कधी चुकत नाही. खेळाचा असा नियम की नकाशात गुहा दाखवली की तिच्यात काहीतरी खजिना ठेवावाच लागतो, सोनं किंवा हिरे. कचारगड आलं तेव्हा उईके भाऊ म्हणाले, "देवाच्या जागी खजिना कायले, मॅडम?" मॅडमनी खजिना ठेवला नाही. तेव्हापासून तो नकाशा उघडला की दर वेळी पडद्यावर चूक असल्याची लाल पाटी यायची आणि दर वेळी मॅडम ती शांतपणे बंद करायच्या.

नकाशा झाल्यावर त्यांनी जे केलं ते फक्त मोजणीवाल्याच्या हातून होऊ शकतं. खेळातले लोक स्वतःला वाघ, वादळ, सम्राट अशी नावं घेतात. मॅडमनी मात्र नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला, प्रमाण लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'मोजणार : सु. मेश्राम, भूकरमापक'. तीस वर्षं प्रत्येक नकाशाखाली त्या हेच लिहीत आल्या होत्या. मी तो नकाशा पाहिला होता, तो कोपराही पाहिला होता. माझ्याही डोक्यात काही आलं नाही, आणि मी स्वतःला सावध माणूस समजतो.

मागच्या वर्षी धान कापणीच्या सुमारास कंपनीनं जाहीर केलं की खेळाचा सहावा भाग पृथ्वीवर नसेल, अंतराळात असेल. ग्रह, चंद्र, तबकड्या. नांगर मंडळ पेटलं. दोन दिवसांत ग्रुपचे दोन तट पडले, मातीवाले आणि आभाळवाले. आभाळवाल्यांचे म्होरके कोसरे सर, आणि मातीवाल्यांच्या, कोणी न निवडता, मेश्राम मॅडम.

"पाच पार्ट तक खेत जोता, अब तो रॉकेट में बैठो," कोसरे सरांनी लिहिलं.

"रॉकेटात धान कुठं रोवू, सर?" उईके भाऊंनी विचारलं.

"काच के घर में. मंगल पर."

"पाणी कोठून?" हे मॅडमचं.

कोसरे सरांनी मंगळावरच्या बर्फावर लांबलचक लिहून पाठवलं, आकृतीसकट. मॅडमनी ते सगळं वाचलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत उत्तर आलं, "बर्फ कोणत्या गट नंबरात येतो?"

लोक हसले. पण भांडण वाढत गेलं. इतिहास संपला, त्याच त्या लढायांचा कंटाळा आला, असं एक बाजू म्हणायची. अंतराळातच जायचं तर खेळाचं नाव बदला, नांगराला कशाला बदनाम करता, असं दुसरी. एका सभासदानं जुन्या खेळाची सीडी तोडून तिचा फोटो टाकला. दोन सख्खे मावसभाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. मला ह्या सगळ्याचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं, इतकी वर्षं सोबत खेळलेली माणसं कशावरून तुटतात पहा. शेवटी असं ठरलं की एका रविवारी सकाळी सगळ्यांनी गोंदियाला कोसरे सरांच्या क्लासमध्ये जमायचं, समोरासमोर बोलायचं, हात वर करून कौल घ्यायचा आणि जी बाजू जिंकेल तिचं पत्र कंपनीला जायचं. पत्र मीच लिहायचं, हे ओघानं आलंच.

त्या रविवारच्या आधी उईके भाऊंच्या गावात ग्रामसभा झाली. गावाचं नाव मी घेत नाही, प्रकरण अजून निवलेलं नाही. त्या गावात एक बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, पाच-सहा बांध्यांना पाणी पाजणारा. काही वर्षांपूर्वी एका राईस मिलवाल्यानं ती बुजवली आणि वर धान वाळवायचं सिमेंटचं अंगण केलं. खालच्या शेतकऱ्यांचं म्हणणं, बोडी मोकळी करा. मिलवाल्याचं म्हणणं, इथं बोडी नव्हतीच, जागा रिकामी पडली होती. गावच्या जुन्या नकाशात ती दाखवलेली नाही. पुरावा मागितला तेव्हा उईके भाऊंना मॅडमचा नकाशा आठवला. त्यात बोडी होती, पाळेसकट. त्यांनी त्याचा मोठा रंगीत प्रिंट काढला, लॅमिनेशन केलं आणि ग्रामसभेत भिंतीला टांगला. खाली मोजणाराचं नाव आणि हुद्दा पाहून लोकांना वाटलं, सरकारी नकाशा मिळाला. ठराव झाला, अर्ज गेला, अर्जाला तो नकाशा जोडून गेला.

आठवड्याभरात मिलवाल्याची तक्रार आली. शासकीय कर्मचाऱ्यानं पदाचा वापर करून खोटा नकाशा केला. ते पाकीट मीच फोडलं, मीच त्यावर आवक क्रमांक टाकला. क्रमांक टाकताना पेन दोनदा थांबलं. मग कारणे दाखवा नोटीस निघाली, तीही माझ्याच टेबलावरून. चौकशी अधिकारी जिल्ह्याहून मंगळवारी येणार होते. निलंबनाचा शब्द नोटिशीत लिहिलेला नव्हता, पण प्रत्येकाच्या तोंडात तोच होता. मॅडमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि तीस वर्षांत त्यांच्या एकाही नकाशावर 'खोटा' हा शब्द पडला नव्हता.

उईके भाऊ कार्यालयात आले, व्हरांड्यात उभे राहिले, आत यायची हिंमत होईना. मॅडमच बाहेर गेल्या.

"मॅडम, माझ्याच्यानं मोठी चूक झाली जी," ते म्हणाले. "मी सांगून देतो का गेम आहे म्हणून."

"मी त्या पाळेवर दोनदा उभी राहिली आहो, उईके भाऊ. एवढं खरं आहे," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण लॅमिनेशन कायले केलं?"

दोनदा म्हणजे असं. नोकरीला लागल्या त्या वर्षी शेजारचं शेत मोजताना त्या बोडीच्या पाळेवर बसून त्यांनी डबा खाल्ला होता, मोहाच्या झाडाखाली. दुसऱ्यांदा ह्या नकाशासाठी गेल्या तेव्हा सिमेंटचं अंगण झालेलं होतं, पण मागच्या भिंतीपाशी पाळेचा एक उंचवटा आणि मोहाचा बुंधा शिल्लक होता. त्यावर त्या उभ्या राहिल्या. आता तोही उंचवटा सपाट झाला होता. पहिल्या वेळच्या मोजणीचं टिपण कार्यालयात असायला हवं होतं. मी तीन दुपारी रेकॉर्डच्या खोलीत घालवल्या, लाल कापडातले गठ्ठे सोडले, शिंकलो, पुन्हा बांधले. त्या वर्षाचा गठ्ठा सापडला. त्या गावाची पानं उधईनं खाल्ली होती. मी ते मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "कोपरा बी नाही राहिला का?" मी नाही म्हणालो. त्यानंतर त्या दिवसभर स्वतःच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहत होत्या.

त्या रविवारी आम्ही गोंदियाला गेलो. क्लासच्या बाकांवर चाळीसेक मोठी माणसं मुलांसारखी अडकून बसली होती. समोसे आले, चहा आला. सगळ्यांना मॅडमची गोष्ट माहीत होती, त्यामुळं भांडायचा कोणाला उत्साह नव्हता. कोसरे सर फळ्यापाशी उभे राहिले. ते मनाचे चांगले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

"पत्र बाद में," ते म्हणाले. "पहले मॅडम की बात. मॅडम, मंगळवारी एकच शब्द बोला, काल्पनिक. गेमचा नकाशा आहे, सगळं मनानं केलं. खतम. कोणी काही करू शकत नाही तुमचं. और देखो, मी तर पहिल्यापासून हेच म्हणून राहिलो. नकाशा कोणताही असो, कल्पनाच असते. मग बोडी काय आणि मंगळ काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मॅडम पहिल्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. त्या उठल्या तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी "जोरात" म्हटलं.

"सर, तुम्ही माझ्या भल्याचं बोलून राहिले, मले समजते," त्या म्हणाल्या. "मले भेव बी लागून राहिलं आहे, खोटं कायले सांगू. पण मले आभाळाचं भेव काऊन वाटते ते सांगतो. तुमच्या त्या ग्रहावर पयला राजा उतरन, तर त्याच्या आधी तठी कोणीच नसन. कोणाले पुसायचं नाही, कोणाची पाळ नाही, कोणाचा देव नाही. जे घेतलं ते आपलं. आपल्या गेममध्ये असं नव्हतं. कुठंबी वस्ती टाका, आधीचं कोणीतरी राहेच. मी मोजणीले जातो ना जी, तीस वर्षं झाले, ज्यानं दुसऱ्याची जागा दाबली त्या प्रत्येकानं मले हेच सांगितलं का, बाई, ही जागा रिकामी होती." त्या थांबल्या, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "रिकामी जागा मी अजून एकबी नाही पाह्यली."

उईके भाऊ खाली पाहत होते. मग कौल झाला. आभाळवाल्यांचे हात जास्त निघाले, लोकांना नवं हवंच होतं. कोसरे सरांनी मात्र हात वर केला नाही, ते खडूचे तुकडे डबीत भरत राहिले. परतताना मॅडम गाडीत एवढंच म्हणाल्या, "पत्र चांगलं लिहा जी त्यांचं. हरलो म्हणून वाकडं नोका लिहू."

सोमवारी मी ते पत्र लिहिलं नाही. मॅडमच्या जबाबाचा मसुदा लिहिला. त्यांनी सांगितलेला नव्हता, मीच लिहिला, आणि माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला मसुदा असेल. 'सदर नकाशा हा संगणकीय खेळाकरिता फावल्या वेळात तयार केलेला असून त्यातील सर्व तपशील काल्पनिक आहेत. त्यांचा प्रत्यक्ष जमिनीशी काहीएक संबंध नाही.' मंगळवारी सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि घडी करून पर्समध्ये घातला. मला वाटलं, सुटलो.

चौकशी अधिकारी साहेबांच्या खोलीत बसले. जबाब उतरवून घ्यायला मला आत बोलावलं. अधिकारी तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी लॅमिनेशन केलेला तो नकाशा टेबलावर ठेवला आणि हसले.

"मॅडम, हे सगळं प्रकरण मला समजलं आहे. हुद्दा लिहायला नको होता."

"सवय जी," मॅडम म्हणाल्या. "ते चुकलंच. त्याची जे शिक्षा असन ते द्या."

"ताकीद देऊन मिटेल. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की हा नकाशा खेळातला आहे, काल्पनिक आहे."

मॅडमनी पर्समधून माझा मसुदा काढला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, लाल पेन्सिल काढली आणि 'त्यातील सर्व तपशील काल्पनिक'पासून पुढचं सगळं एका रेघेत खोडलं. रेघ सरळ गेली. मग पेन मागितलं. मीच दिलं. खाली त्यांनी लिहिलं, 'बोडी होती. मी तिच्या पाळेवर दोन वेळा उभी राहिले आहे.' आणि कागद अधिकाऱ्यांकडं सरकवला.

अधिकाऱ्यांनी वाचला. त्यांचं हसू गेलं. "मॅडम, रेकॉर्डला काही नाही. तुम्ही हे लिहून दिलं तर पदावर असताना आधाराशिवाय विधान केलं, असं होतं. मग माझ्या हातात काही राहत नाही. समजतंय का तुम्हाला?"

"समजते जी."

"अजून विचार करा. कागद बदलता येईल."

"कागद बदलन, साहेब," मॅडम म्हणाल्या. "मी उभी होती ते कसं बदलन?"

मला त्यांचा राग आला, हे कबूल करतो. एक शब्द, फक्त एक शब्द, तोही मी लिहून दिलेला. रागाच्या मागोमाग लाज आली. तो शब्द मी किती सहज लिहिला होता, मनावर काही ओझं न येता.

अधिकाऱ्यांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, वरिष्ठांशी फोनवर बोलून मग बोलावतो म्हणाले. मॅडम बाहेर गेल्या. मी माझ्या खुर्चीवर आलो. खिडकीतून पाहिलं तर त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या, मोजणीसाठी आलेल्या अर्जदारांच्या रांगेत. इतकी वर्षं त्या बाकासमोरून त्या फक्त पुढं जायच्या. शेजारी एक म्हातारी बसली होती, हातात पिशवी, पिशवीत कागद. तिनं मॅडमना आपल्यासारखीच अर्जदार समजून कागद पुढं केला. मॅडमनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा केला, एका ओळीवर बोट ठेवून तिला काहीतरी समजावलं. म्हातारीनं मान हलवली. मॅडमनी कागद पुन्हा घडी करून तिच्या पिशवीत नीट ठेवून दिला.

शिपायानं दारातून नाव पुकारलं. नोटिशीत होतं तसं, नुसतं, "सुनंदा मेश्राम." मॅडम म्हणायला तो विसरला असेल, किंवा आता म्हणावं की नाही हे त्याला कळलं नसेल. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि आत गेल्या. निलंबनाचा आदेशही माझ्याच टेबलावरून गेला, आणि त्या दिवसानंतर त्यांना ह्या कार्यालयात मी पाहिलेलं नाही.

त्यांच्या मागं दार लागल्यावर म्हातारी खिडकीपाशी आली आणि गजांतून मला विचारू लागली.

"भाऊ, लई चांगली बाई आहे जी ते. तिची बी जमीन गेली का जी?"

मी हो म्हणालो.